पहाटेची मूठ

डिसेंबरातली सकाळ, सहाला दहा-वीस मिनिटं कमी असतील. सिन्नरहून नाशिकला कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालो होतो. मोहदरी घाट उतरलो, शिंदे गाव मागे पडलं आणि पळसे गावाच्या अलीकडे धुक्यातून उसाची बैलगाडी एकदम समोर आली. ब्रेक दाबायचा हे डोक्याला लगेच कळलं. उजव्या हाताची बोटं मात्र लिव्हरवर मिटेनात. मी दाबतोय असं मला वाटत होतं, पण लिव्हर जागची हलली नव्हती. पायाच्या ब्रेकने गाडी कशीबशी थांबली. बैलगाडीच्या मागच्या उसाची पाती माझ्या हेडलाइटला लागत होती.

त्या दिवसापर्यंत थंडीत हात गारठणं ही मी सोसायची गोष्ट समजत होतो. कानटोपी घालायची, दात आवळायचे आणि पोचल्यावर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायचा, एवढंच. पळशाच्या त्या वळणावर मला पहिल्यांदा कळलं की गारठलेली बोटं म्हणजे बिघडलेला ब्रेक. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. बोटं अर्धा सेकंद उशिरा मिटली, तर तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे एक अख्खी बैलगाडी, बैलांसकट.

पहाटे मोटरसायकल चालवणारी माणसं हौसेने बाहेर पडलेली नसतात. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून संकलन केंद्रावर निघालेला दूधवाला, पेपरचे गठ्ठे टाकीवर ठेवून गल्ल्या पालथ्या घालणारा मुलगा, एमआयडीसीचे कामगार, बाजार समितीत लिलावाआधी पोचायची घाई असलेला शेतकरी, पहिल्या तासिकेला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षिका, यांना ऊन पडेपर्यंत थांबता येत नाही. आणि थंडीचं गणित नेमकं यांच्याच वेळेला येऊन बसतं. दिवसाचं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं. जमीन रात्रभर आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते, आणि सूर्य उगवून त्याची उष्णता तिला भरून काढू लागेपर्यंत पारा उतरतच राहतो. म्हणून नीचांक सूर्योदयाच्या आसपास, कधी कधी सूर्य वर आल्यावरही थोडा वेळ, असतो. साडेचारला निघणाऱ्यापेक्षा साडेसहाला निघणाऱ्याला जास्त थंडी लागते. उजाडलं म्हणून आपण हातमोजे काढून ठेवतो, ते नेमके चुकीच्या वेळी.

नाशिक जिल्ह्यात या थंडीची ओळख सगळ्यांना आहे. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात तिथल्या पाऱ्याचा आकडा पेपरात आला की राज्यभर लोक तो एकमेकांना सांगतात. कडाक्याच्या लाटेत हा पारा दोन-चार अंशांपर्यंतही उतरतो. अशा रात्री द्राक्षबागायतदार झोपत नाहीत. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात, कारण गारठ्याने मणी तडकतात. घडाची एवढी काळजी घेणारा तोच शेतकरी तासाभराने उघड्या हातांनी मोटरसायकल काढून लासलगावच्या रस्त्याला लागतो, हे मी पाहिलेलं आहे. त्याच्या बोटांसाठी कोणी शेकोटी पेटवत नाही.

एक अनुभव मोटरसायकलवाल्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. सपाट माळावरून जाताना थंडी बरी असते, आणि उसाच्या पट्ट्यात किंवा नदीच्या पुलावर गाडी शिरली की अंगावर पाणी ओतल्यासारखं होतं. माझ्या रस्त्यावर ती जागा चेहेडीजवळचा दारणेचा पूल होती. थंड हवा जड असते. शांत, निरभ्र रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहत सखल भागात साचते. ओढे, नद्या, कॅनॉलकडेची शेतं ही या हवेची तळी असतात. तिथे दमटपणाही असतो, धुकं असतं, आणि धुक्यातून गाडी गेली की हातमोजे दवाने ओले होतात. ओल्या कापडातून उष्णता कोरड्याच्या कितीतरी पट वेगाने निघून जाते, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. घरातून निघताना अंगणात जाणवलेली थंडी ही रस्त्यावरची थंडी नसते. सगळ्यांत गार खोलगट जागा धरूनच कपडे घालावेत.

आता हातांकडे येऊ. सगळ्या अंगात बोटंच आधी का गारठतात? एक कारण आकारात आहे. बोट म्हणजे बारीक नळकांडं. त्यात ऊब साठवायला ऐवज थोडा, आणि ती बाहेर सोडायला पृष्ठभाग मोठा. दुसरं कारण असं की बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. मूठ मिटणारे ताकदीचे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये आहेत. तिथून कंडरा बोटांपर्यंत येतात, कठपुतळीच्या दोऱ्यांसारख्या. स्नायू काम करताना उष्णता तयार करतात, पण ती उष्णता मनगटाच्या मागे, कोपराकडे तयार होते. बोटांना स्वतःची चूल नाही. त्यांना रक्तातून येईल तेवढीच ऊब मिळते.

आणि हे रक्त कधी पाठवायचं, कधी अडवायचं, ते बोटं ठरवत नाहीत. तळहात, बोटांची टोकं, कान, नाक या जागी शरीराने एक खास सोय केलेली आहे. रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या छोट्या आडवाटा तिथे त्वचेखाली असतात. शरीर तापलं की या वाटा उघडतात, हातांत भरपूर रक्त खेळतं आणि जादा उष्णता हवेत जाते. उन्हाळ्यात हात त्यामुळेच गरम लागतात. शरीराच्या गाभ्याला, म्हणजे हृदय, यकृत, मेंदू यांना थंडीची चाहूल लागली की या वाटा बंद होतात. बोटांतला रक्तप्रवाह पूर्ण उघडा आणि पूर्ण आवळलेला यांत शंभर पटींच्या आसपास फरक पडू शकतो. दुष्काळात पाटाचं पाणी आधी शेवटच्या शेताला बंद होतं, तसंच हे आहे. शेवटचं शेत म्हणजे बोटं.

या एका गोष्टीतून माझ्या मते हिवाळ्यातल्या मोटरसायकलीचं निम्मं उत्तर निघतं. हात गार पडले की आपण जाड हातमोज्यांच्या मागे लागतो. पण छाती, पोट आणि मान उघडी असेल तर शरीर पाणी वरच्या वरच तोडतं, आणि रिकाम्या पाटावर कितीही आच्छादन घातलं तरी ओल येत नाही. हातमोजा ऊब तयार करत नाही, आलेली ऊब धरून ठेवतो. उलट छातीवर वारा लागत नसेल, गळ्याभोवती मफलर नीट असेल, तर साध्या हातमोज्यातही बोटं बराच वेळ जिवंत राहतात. मी स्वतः जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावायला लागलो आणि मफलरची टोकं आत खोचायला लागलो, तेव्हा पहिला फरक मला गळ्यात जाणवला नाही, बोटांत जाणवला.

जाकीट नसेल तर वर्तमानपत्र आहे. स्वेटर आणि शर्टच्या मध्ये छातीवर दोन-चार पानं सपाट पसरली की वारा आत शिरत नाही. फ्रान्सच्या सायकल शर्यतीत डोंगरमाथ्यावरून उतरताना मोठमोठे सायकलपटू वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. घाट चढताना घाम आलेला असतो, उतरताना वारा झोंबतो, म्हणून माथ्यावर उभे असलेले प्रेक्षक त्यांच्या हातात पेपर देतात आणि ते चालत्या सायकलीवर तो जर्सीत सारतात. आपल्या पेपरवाल्या मुलांकडे हे साहित्य टाकीवर रचलेलंच असतं.

मनगटाचं वेगळं सांगायला हवं. नाडी बघायला वैद्य मनगट का धरतात? कारण तिथे रोहिणी कातडीच्या अगदी खाली असते. बोटांकडे निघालेलं गरम रक्त तिथे सर्वांत उघडं पडतं. आणि मोटरसायकलवर हात पुढे केला की बाही मागे सरकते, मनगट नेमकं उघडं राहतं, आणि तिथून वारा बाहीत घुसून कोपरापर्यंत जातो, म्हणजे मूठ मिटणारे ते स्नायूही गारठवतो. जुन्या लोकरी पायमोज्याचा चवड्याकडचा भाग कापून टाकला की उरलेल्या नळीची उत्तम मनगटी होते. अंगठ्यासाठी एक छेद द्यायचा आणि ती तळहाताच्या मध्यापासून कोपराच्या खालपर्यंत ओढून घ्यायची. वरून हातमोजा, त्यावर जाकिटाची बाही किंवा हातमोज्याचं लांब मनगट बाहीवर. कोरड्या थंडीत दोन्ही चालतं, मध्ये फट राहता कामा नये. धुक्यात किंवा पावसात बाही वर हवी, नाहीतर हातावरून ओघळलेलं पाणी हातमोज्यात साचतं. या साध्या मनगटीने मला जेवढी मदत झाली तेवढी कुठल्याच महागड्या वस्तूने झाली नाही, म्हणून मी ती भेटेल त्याला सांगतो.

वाऱ्याचं गणित कसं मांडलं गेलं, त्याची गोष्ट अंटार्क्टिकावरची आहे. पॉल सायपल हा अमेरिकी तरुण १९२८ साली बालवीर म्हणून ॲडमिरल बर्ड यांच्या मोहिमेबरोबर तिथे पहिल्यांदा गेला. पुढे भूगोलाचा अभ्यासक होऊन तो परत गेला, आणि १९४०-४१ च्या सुमाराला त्याने चार्ल्स पॅसेल या सहकाऱ्याबरोबर एक साधा प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते छावणीच्या छपरावर उघड्यावर टांगायचं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात त्याचं बर्फ व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नळकांडं बारीक, आत पाणी, भोवती वारा: मला ते वाचताना हँडलवरच्या बोटाची आठवण झाली. त्यांचे आकडे १९४५ साली प्रसिद्ध झाले आणि 'वाऱ्यामुळे वाढणारा गारठा' मोजायची पद्धत त्यातून रूढ झाली. २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी सूत्र सुधारलं. त्यासाठी बारा स्वयंसेवकांना थंड हवेच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याची उष्णता किती वेगाने जाते ते मोजलं गेलं.

सूत्र चेहऱ्यासाठी आहे, हातांना ते तंतोतंत लागू होत नाही. तरी त्यातून एक गोष्ट दिसते, आणि मी ती कागदावर मांडून पाहिली तेव्हा मला आश्चर्य वाटलं. हवा ८ अंश सेल्सिअस धरा. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात ती त्वचेला सुमारे ५ अंशांसारखी लागते. ४० ला सुमारे ३. ६० ला २ च्या आसपास. ८० ला दीड. म्हणजे वाऱ्याचा मोठा घाव पहिल्या वीस-तीस किलोमीटरच्या वेगातच बसून जातो. पुढे वेग वाढवला तर गारठा वाढतो, पण हळूहळू. गारठ्याच्या भीतीने गाडी साठऐवजी चाळीसने चालवली तर वाटणारी थंडी जेमतेम एका अंशाने कमी होते, आणि तीस किलोमीटरचा प्रवास अर्ध्या तासाचा पाऊण तासाचा होतो. धुक्यात हळू जायलाच हवं, ते दिसत नाही म्हणून. बोटं वाचवण्यासाठी मात्र वेग कमी करून फारसं काही हाताला लागत नाही. वाराच अडवायला हवा.

(एक गैरसमज इथे दूर करतो. वारा कितीही असला तरी ८ अंशांच्या हवेत बोट ८ अंशांच्या खाली जाऊ शकत नाही. वारा फक्त तिथपर्यंत पोचायचा वेळ कमी करतो. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक सकाळी बोटांचा बर्फ होण्याची भीती नसते. पण बोटांची सफाईदार हालचाल त्वचा १५ अंशांच्या आसपास आली की बिघडायला लागते, आणि ८ अंशांजवळ स्पर्श जवळजवळ नाहीसा होतो. ब्रेक हुकायला एवढं पुरतं.)

हातमोजे विकत घेताना लोक जाडी बघतात. बघायला हवा तो वारा. आजीने विणलेला लोकरीचा हातमोजा घरात, अंगणात, चालताना फार चांगला. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकते आणि अडकलेली स्थिर हवा हीच खरी ऊब. पण साठच्या वेगात वारा त्या विणीतून जाळीतून जावा तसा जातो आणि अडकलेली हवा काढून नेतो. त्याच्यावर वारा न शिरणारं एक आवरण हवं: चामडं, रेक्झिन, किंवा रेनकोटचं कापड. आत लोकर, बाहेर आडोसा. झोपडीला कुड आणि वर गिलावा, तसं.

दुसरी चूक मापाची. आधी घट्ट हातमोजा, त्याच्यावर आणखी एक घट्ट, असं केल्याने दोन वाईट गोष्टी होतात. मधली हवा दाबली जाते आणि बोटांतलं उरलंसुरलं रक्तही. दुकानात हातमोजा घालून मूठ मिटून बघावी, आणि मूठ मिटलेली असताना बोटांच्या टोकांशी थोडी जागा उरते का ते पाहावं. टोक ताणलं गेलं तर तिथेच पहिल्यांदा बधिरपणा येणार. फार जाडही नको, कारण जाड हातमोज्यात लिव्हरचा अंदाज येत नाही. अंगठा सोडून चारही बोटं एकत्र राहणारे, पिशवीसारखे हातमोजे जास्त ऊबदार असतात, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. पण क्लच-ब्रेकवर बोटं सुटी हवीत. मोटरसायकलसाठी दोन-दोन बोटं एकत्र ठेवणारे हातमोजे निघाले आहेत, ते त्यातला मध्यम मार्ग.

हातमोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून जाणारे दूधवाले तुम्हीही पाहिले असतील. कल्पना बरोबर आहे, जागा चुकलेली आहे. बाहेरून प्लॅस्टिक घातलं की लिव्हरवर आणि मुठीवर हात सटकतो. तीच पिशवी आत घालावी: आधी पातळ सुती किंवा लोकरीचा हातमोजा, त्यावर पातळ प्लॅस्टिक किंवा दवाखान्यात वापरतात तसला रबरी हातमोजा, आणि सगळ्यांत बाहेर चामड्याचा. वारा अडतो, पकडही राहते. आत घाम साचतो, म्हणून अर्धा-पाऊण तासाच्या प्रवासालाच हे ठीक. पोचल्यावर सगळं काढून हात पुसून कोरडे करायला हवेत.

लिव्हर ॲल्युमिनियमची असते, आणि थंडीत ती बोटांतली ऊब शोषून घेते. बाजारात लिव्हरवर चढवायचे रबरी मोजे मिळतात. नाहीतर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा, घट्ट बसतो आणि फुकट होतो. मोपेड-स्कूटरवाल्यांनी हे नक्की करावं, कारण बहुतेक स्कूटरना दोन्ही ब्रेक हातातच असतात. मोटरसायकलवाल्याला निदान मागचा ब्रेक पायाशी आहे, ज्याने मला पळशाला वाचवलं. स्कूटरवर बोटं गेली की सगळंच गेलं.

मोटरसायकलवर उजवा हात डाव्यापेक्षा नेहमी जास्त गारठतो. हे अनेकांना जाणवतं पण कारण लक्षात येत नाही. डावा हात क्लचचा. सरळ रस्त्याला तो क्षणभर मांडीखाली दाबता येतो, खिशात नाही पण निदान टाकीच्या आडोशाला नेता येतो. उजव्याने ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मंदावते, म्हणून तो घरापासून कारखान्यापर्यंत वाऱ्यातच असतो, एकाच स्थितीत आवळलेला. आवळलेल्या मुठीत रक्त कमी फिरतं. ब्रेक मारायचा तोच हात. आडोसा एकाच बाजूला करण्याइतकेच पैसे असतील तर तो उजव्या बाजूला करावा.

आडोसा, म्हणजे हँडललाच बसवायचं आवरण, माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. दिल्लीकडे आणि उत्तरेत हिवाळा आला की रस्त्याकडेला हँडलवर चढवायच्या कापडी किंवा रेक्झिनच्या बाह्या लटकलेल्या दिसतात. हात त्यात घालायचे, आत मूठ, लिव्हर, बटणं सगळं. चीनमध्ये तर स्कूटरच्या हँडलपासून गुडघ्यांपर्यंत झाकणारी अख्खी गोधडीच मिळते, आणि हिवाळ्यात शहरंच्या शहरं ती पांघरून फिरतात. जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात बर्फात भरणारा 'एलेफांटेनट्रेफन' नावाचा मोटरसायकलवाल्यांचा मेळावा आहे. त्सुंडाप कंपनीच्या 'हिरवा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीवरून त्याला हत्तींचं नाव पडलं. तिथे येणाऱ्या गाड्यांच्या हँडलवरही अशाच जाड बाह्या दिसतात. बर्फातल्या अनुभवी माणसांना ज्याचा आधार वाटतो, त्याची आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे कुशनचं काम करणारा कोणीही कारागीर हे शिवून देईल. बाहेर रेक्झिन, आत जुन्या घोंगडीचा तुकडा, हँडलच्या टोकाशी घट्ट, हाताच्या बाजूला मोकळं. काहीच जमत नसेल तर इंजिन ऑइलचा पाच लिटरचा रिकामा कॅन उभा कापला तर दोन आडोसे होतात. ते हाताच्या पुढे आरशाच्या दांड्याला पट्टीने बांधायचे. दिसायला साधे, पण वारा बोटांच्या पाठीवरून बाजूला जातो. हे बसवल्यावर मात्र तीन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळतं का? लिव्हर पूर्ण दाबली जाऊन पूर्ण परत येते का? आणि वेगात असताना वाऱ्याने ते कापड लिव्हरवर दाबलं जातं का? हे शेवटचं घरी उभ्या गाडीवर कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर थोडं जाऊन, मागे कोणाला तरी दुसऱ्या गाडीवर ठेवून, ब्रेकचा लाल दिवा विनाकारण पेटतो का ते बघायला सांगावं. पेटत असेल तर कापड लिव्हर ओढतंय आणि ब्रेक घासतोय. हात झटकन बाहेर निघतो का, तेही बघावं.

विजेने तापणाऱ्या मुठी आता इकडेही मिळतात. मोठ्या गाडीवर त्या उत्तम. लेह-लडाखला जाणाऱ्या आपल्या मुलांना मी त्या जरूर घ्यायला सांगतो, कारण खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर आहे आणि उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. तिथे जूनमध्येही पहाट कडक असते. पण शंभर सीसीच्या रोजच्या गाडीवर त्या लावण्याआधी हिशेब करावा. अशा मुठींच्या जोडीला साधारण ३० ते ४० वॅट लागतात, म्हणजे जुन्या हेडलाइटच्या एका बल्बइतके. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो, त्यामुळे छोट्या गाडीकडे शिल्लक वीज थोडी. बॅटरी १२ व्होल्टची, तीन-चार अँपिअर-अवरची. इंजिन बंद ठेवून मुठी चालू राहिल्या तर तासाभरात बॅटरी संपते आणि परतीला किक मारत बसावं लागतं. शिवाय मूठ तळहाताला तापवते, वारा बोटांच्या पाठीला लागतो. आडोसा नसेल तर तापणारी मूठ म्हणजे दार उघडं ठेवून पेटवलेली शेगडी.

बिडीने ऊब येते असा समज गावोगावी आहे. तंबाखूतल्या निकोटिनने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. निघण्याआधी ओढलेली बिडी बोटांचं उरलेलं रक्त परत पाठवते. दारूचं उलटं. तिने कातडीतल्या वाहिन्या सैलावतात, ऊब वाटते, पण गाभ्याची उष्णता बाहेर जाते, आणि दारू पिऊन गाडी चालवणं तर तसंही नकोच. निघण्याआधी काहीतरी खाणं, भाकरीचा चतकोर का होईना, जास्त कामाचं. शरीराची चूल त्यावर चालते.

काहींच्या बोटांना थंडीचा त्रास वेगळाच असतो. गार हवा लागली की एक-दोन बोटं एकदम पांढरीफटक पडतात, मग निळसर, मग लाल होऊन ठणकतात. पॅरिसच्या मॉरिस रेनॉ यांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. बायकांमध्ये हे जास्त आढळतं. वर्षानुवर्षं कंप सोसणाऱ्या हातांतही असाच प्रकार होतो. दगड फोडणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांत तो पूर्वीपासून माहीत आहे, आणि जपानमध्ये मोटरसायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांच्या हातांचा अभ्यासही याच कारणाने झाला आहे. एका सिलिंडरच्या जुन्या गाडीची मूठ किती थरथरते ते आपल्याला ठाऊक आहे. बोटं पांढरी पडत असतील तर ते डॉक्टरांना दाखवावं, वयाचं म्हणून सोडू नये. मधुमेह असणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण त्यांच्या बोटांची जाणीव आधीच मंदावलेली असू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. त्या परस्पर बंद करू नयेत, विचारून घ्याव्यात.

वाटेत थांबायचं कधी? बधिर झाल्यावर नाही, त्याच्या आधी. माझी एक खूण आहे: गाडी बाजूला घेऊन अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून बघायचा. टेकत नसेल किंवा टेकला हे कळत नसेल, तर तो हात ब्रेकच्या कामाचा उरलेला नाही. मग हात खांद्यापासून गोफण फिरवल्यासारखा गोल फिरवायचा, वीस-तीस वेळा, जोरात. गोफणीतला दगड जसा बाहेर फेकला जातो तसं रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. पाच मिनिटं जागेवर उड्या मारल्या, उठाबशा काढल्या तर आणखी बरं, कारण गाभा तापला की बंद वाटा आपोआप उघडतात. रस्त्याकडेला असं करताना संकोच वाटतो. मलाही वाटायचा, पण ती बैलगाडी आठवली की जात असे.

सायलेन्सरला किंवा इंजिनाला हात लावून शेकायची सवय मोडायला हवी. बधिर कातडीला चटका कळत नाही. फोड आल्यावर कळतो. हातमोजा वितळून चिकटतो ते वेगळंच. शेकोटीजवळही हात हळूहळू न्यावेत. सर्वांत चांगली जागा म्हणजे स्वतःची काख, किंवा कोमट पाणी. पाणी कोमट आहे का ते बधिर बोटांनी न बघता कोपराने बघावं, तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना बघतात तसं. ऊब परत येताना बोटांत मुंग्या येतात, मग कळा येतात, कधी डोळ्यांत पाणी येईल इतक्या. रक्त परत आल्याची ती खूण. त्या कळा ओसरेपर्यंत परत गाडीवर बसू नये.

मी नंतर पाळी बदलून घेतली आणि तो पहाटेचा रस्ता सुटला. पण डिसेंबरात गावी गेलो की सकाळी दूध संकलन केंद्रावर जाऊन उभा राहतो. कॅन उतरतात, फॅट लागते, पावती मिळते, आणि माणसं शेकोटीभोवती येतात. मागच्या हिवाळ्यात एका तरुणाच्या हातात कापलेल्या पायमोज्याच्या मनगट्या दिसल्या, एक निळी, एक तपकिरी. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आमच्या आईनं करून दिल्या, काका. म्हणाली, कॅन सांडला तरी चालंल, पण बिरेक लागला पाह्यजे."

त्याने शेकोटीपुढे दोन्ही हात धरले. उजवा जरा जास्त वेळ धरला.